सब्जी मागितली, गाजर आले

आमच्या शिरूर-दौंडकडच्या मुस्लिम घरांत परदेश म्हणजे दोनच जागा. एक मक्का-मदिना आणि दुसरी आखात. पहिल्या जागी माणूस इबादतीसाठी जातो, दुसऱ्या जागी पोटासाठी. नुसते पाहायला म्हणून कोणी निघाले, आणि निघणाऱ्या दोन पन्नाशी ओलांडलेल्या बायका असल्या, की मोहल्ल्यात चौकशी सुरू होते. "तिकडे तुमचे कोण आहे?" कोणी नाही. "काही काम आहे?" काही नाही. "मग?"

या "मग?"चे उत्तर आम्ही बरेच दिवस तोंडी देत आलो. आज ते लिहून देतो.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही आणि आमची दौंडची मैत्रीण आठ दिवस उझबेकिस्तानला जाऊन आलो. तारीख ठरवतानाच पहिली अडचण आली. शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके, पण लोकसभेला वेगळे. दौंड बारामती मतदारसंघात, तिथले मतदान ७ मे रोजी. आमचे शिरूरचे १३ मे रोजी. मत दिल्याशिवाय हलायचे नाही असे दोघींचे ठरलेले. त्यामुळे तिच्या बोटाची शाई फिकी पडू लागली तेव्हा आमच्या बोटाला लागली. ताश्कंदच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या मुलीने दोघींची बोटे निरखली आणि मेंदी एवढीशीच का, असे काहीसे खुणेने विचारले. निवडणूक खुणेने कशी समजवावी हे आम्हाला सुचेना. आम्ही हसलो, तीही हसली, शिक्का बसला.

या मैत्रिणीची आणि आमची ओळख डी.एड.च्या बाकावरची. ती दौंडहून गाडीने पुण्याला यायची, आम्ही शिरूरहून एसटीने. ती रेल्वेवाल्याची मुलगी, त्यामुळे गाडी चुकणे तिला ठाऊक नाही; आम्ही घोडनदीच्या स्टँडवर वाढलेलो, त्यामुळे गाडी येईल तेव्हा येईल हा आमचा स्वभाव. या दोन स्वभावांची मैत्री तीस वर्षांहून जास्त टिकली. दोघींची लग्ने झाली, मुले झाली, तिचे यजमान अल्लाहला प्यारे झाले. तीन वर्षे दोघींनी मिळून भिशी लावली, ती या सफरीसाठी.

आक्षेप आले, आणि ते आमच्या भल्यासाठीच होते. "एवढ्या पैशात उमरा झाला असता," असे एक खाला म्हणाल्या. अल्हमदुलिल्लाह, मैत्रीण यजमानांबरोबर हजला जाऊन आली आहे, आमचाही उमरा झाला आहे. महरमचा प्रश्नही निघाला. त्याबद्दल वेगवेगळी मते आहेत, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या जाणत्या आलिमांना विचारावे. आम्ही विचारले, घरच्यांशी बोललो, आणि सर्वांच्या राजीखुशीने निघालो. पंचेचाळीस वर्षांवरील महिलांना चौघींच्या गटाने महरमशिवाय हजला जाण्याची मुभा भारत सरकारनेही २०१८ च्या हजपासून दिली, तेव्हा या विषयावर घरोघरी बोलणे झालेच होते.

आणि आपल्या भागाला बायकांची परदेशवारी नवी आहे असेही नाही. दौंडहून पुण्याला निघालेली लोकल केडगावला थांबते. त्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी १९२२ साली तिथेच अखेरचा श्वास घेतला. या बाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, दोन-अडीच वर्षे तो देश हिंडल्या, आणि परत आल्यावर १८८९ साली "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त" हे पुस्तक त्यांनी आपल्या मराठीत लिहिले. आपल्या समाजातले नाव घ्यायचे तर जंजिऱ्याच्या नाझली बेगम. त्या १९०८ साली युरोपच्या सफरीला गेल्या आणि त्यांनी आपले प्रवासवर्णन उर्दूत लिहिले. त्यांची बहीण अतिया फैजी त्याआधी दोन वर्षे शिकायला लंडनला गेली होती आणि तिथली रोजनिशी घरी बहिणीला पाठवत होती.

रमाबाईंची आणखी एक सफर आहे, ती फारशी सांगितली जात नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा सोबत लहानगी मुलगी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत होत्या. काही महिन्यांतच आनंदीबाईंचा तिथे दुर्दैवी मृत्यू झाला. जाताना दोघी मैत्रिणी होत्या, पुढचा मार्ग एकीला एकटीने चालावा लागला. निघण्याच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या मुलाने आमच्या हातात तिच्या औषधांची पिशवी दिली आणि "खाला, अम्मीला सांभाळा" म्हणाला, तेव्हा आम्हाला हीच गोष्ट आठवली. सोबती म्हणजे अमानत. देश पाहणे त्यानंतरचे.

निघण्यापूर्वी आम्ही तीन नियम केले. पहिला, खर्चाचा बटवा एकच. दोघींनी सारखी रक्कम घालायची, खाणे-पिणे, टॅक्सी, तिकिटे सगळे त्यातून, आणि रोज रात्री वहीत हिशेब. दुसरा, रोज दोन तास वेगळे. तिला बाजार आवडतो, आम्हाला जुन्या भिंती. दोन तास जिने-तिने आपले पाहावे. तिसरा, प्रत्येकीची एक हक्काची जागा. बाकी काही राहिले तरी चालेल, त्या दोन जागा राहता कामा नयेत. आमची जागा बुखारा. लहानपणी मकतबात इमाम बुखारींचे नाव ऐकले तेव्हापासून, ते जिथे ८१० साली जन्मले ते गाव डोळ्यांनी पाहावे असे मनात होते. मैत्रिणीची जागा ताश्कंदमधला लालबहादूर शास्त्रींचा पुतळा. तिच्या या निवडीवर घरातली मुले हसली. ती का हसण्यासारखी नव्हती, ते पुढे येईल.

व्हिसा घरबसल्या संगणकावर मिळाला, वीस डॉलर भरून. दिल्लीहून विमानाने ताश्कंद तीन तासांच्या आसपास आहे. शिरूरहून मुंबईला एसटीने याहून जास्त वेळ लागतो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. आम्ही घड्याळ बदलले. मैत्रिणीने बदलले नाही. "घरी चहा कधी झाला, मुलगा कामावर कधी निघाला, हे मला कळायला नको का?" असा तिचा सवाल. परिणामी आठही दिवस ती प्रत्येक ठिकाणी अर्धा तास आधी तयार होती आणि आम्हाला हलवत होती.

पहिल्याच दिवशी आम्ही लखपती झालो. शंभर डॉलर मोडले तर हातात साडेबारा लाख सोम आले. मैत्रिणीने नोटांचा गठ्ठा ओढणीखाली धरला आणि चोहीकडे पाहिले, जणू शिरूरच्या बाजार समितीतून कांद्याची पट्टी घेऊन निघाली आहे. पण दोन वेळचे जेवण आणि टॅक्सीत त्या लाखांना गळती लागली. शून्यांचा घोळ पुढे चार दिवस चालला. शेवटी तिने युक्ती काढली: शेवटची तीन शून्ये बोटाखाली झाकायची, उरलेल्या आकड्याला सातने गुणायचे, की झाले आपले रुपये. थोडी चूक राहते, पण फसवणूक होत नाही.

भाषेची गंमत मात्र अजून आठवली की हसू येते. उझबेक लोक आपला "आ" बरेचदा "ओ"सारखा म्हणतात. बाजार म्हणजे बोजोर, चाय म्हणजे चोय, किताब म्हणजे कितोब, बदाम म्हणजे बोदोम. हे कळल्यावर आम्हाला वाटले, आपल्याला निम्मी भाषा आलीच. त्या दिवशी गोश्त नको, साधी भाजी खावी म्हणून मैत्रिणीने खानावळीतल्या मुलाला "सब्जी, सब्जी" असे दोनदा सांगितले. मुलगा जरा विचारात पडला, आत गेला आणि बशीभर किसलेले गाजर घेऊन आला. तिला वाटले ही कोशिंबीर, भाजी मागून येईल. अर्धा तास वाट पाहिल्यावर कळले की उझबेकीत सब्जी म्हणजे गाजरच. भाजीला सब्जवोत म्हणतात. दुसऱ्या दिवशी बाजारात तहान लागली म्हणून तिने फळवालीला "गिलास?" विचारले. बाईने खुशीत मान हलवली आणि अर्धा किलो चेरी तोलून दिल्या. गिलोस म्हणजे चेरी! मे महिना म्हणजे चेरीचा हंगाम. आम्ही त्या दिवशी पाण्याऐवजी चेरी खाल्ल्या, आणि पाणी मिळाले असते तर इतके बरे वाटले नसते.

मोठ्या बहिणीला तिथे ओपा म्हणतात. म्हणजे आपली आपाच! मावशी ती खोला, म्हणजे खाला. पण मोठा भाऊ अका. मराठी कानाला ती अक्का वाटते, त्यामुळे दाढीवाल्या टॅक्सीचालकाला "अका" म्हणताना आम्हाला दर वेळी खोकल्याचे निमित्त करून हसू दाबावे लागले. आभार मानायचे तर नुसते "रहमत" म्हणायचे आणि हात छातीवर ठेवायचा. जेवणाचे बिल म्हणजे हिसोब, वही म्हणजे दफ्तर. रात्री आमची वही उघडली की मैत्रीण म्हणायची, "आण गं ते दफ्तर, करू हिसोब."

समरकंदला जायच्या दिवशी टॅक्सीवाल्याने आम्हाला स्थानकावर सोडले आणि तो निघून गेला. आत गेल्यावर कळले की ताश्कंदला दोन मोठी स्थानके आहेत, एक उत्तरेचे आणि एक दक्षिणेचे. आमची गाडी उत्तरेहून, आम्ही दक्षिणेला. आमचे पाय गळाले. मैत्रीण शांत. "हे आपल्या दौंडसारखेच आहे. गाडी कॉर्ड लाईनला लागते आणि माणूस जंक्शनवर थांबतो," असे म्हणत तिने बॅग उचलली. दौंडच्या प्रवाशांना हा त्रास नवा नाही. दौंडात न वळता परस्पर जाणाऱ्या गाड्यांसाठी ते वेगळे कॉर्ड लाईन स्थानक झाल्यापासून कितीतरी जणांची अशी धावपळ झाली आहे. दुसरी टॅक्सी केली, उत्तरेला पोहोचलो, आणि गाडी सुटायला चक्क पंधरा मिनिटे बाकी होती. ते तिच्या न बदललेल्या घड्याळाचे उपकार.

ती गाडी, अफ्रोसियोब, २०११ पासून धावते. ताश्कंद ते समरकंद ३४४ किलोमीटर, दोन तासांहून थोडे अधिक. फायरमनची मुलगी ती. खिडकीला नाक लावून तिने रूळ, सिग्नल, फलाटाची उंची, सगळ्याची तपासणी केली आणि निर्णय दिला, "गाडी चांगली आहे. पण चहावाला नाही फिरत." आपल्या दौंडहून मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ चा. त्या मार्गावर अब्बांनी कोळसा टाकला, आणि त्यांची मुलगी समरकंदला निघाली, असे ती स्वतःशीच म्हणाली. खिडकीबाहेर कापसाची शेते आणि तुतीची झाडे पळत होती.

समरकंदचे रेगिस्तान चित्रात सर्वांनी पाहिलेले असते. एका मैदानाच्या तीन बाजूंना तीन मदरसे. पहिला उलुगबेगचा, १४१७ ते १४२० मधला. समोरचा शेरदोर त्यानंतर दोनशे वर्षांनी, १६१९ ते १६३६ मध्ये झाला; मधला तिल्लाकोरी १६६० चा. चित्रात कळत नाही ते हे की तीन वेगळ्या काळांतल्या कारागिरांनी एकमेकांचा मान राखला आहे. नंतरचा आधीच्याला झाकत नाही. शेरदोरच्या दारावर हरणामागे धावणारे वाघासारखे प्राणी आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. मदरशाच्या दारावर हे कसे, असा प्रश्न मैत्रिणीने शिक्षिकेच्या सुरात विचारला. उत्तर द्यायला जवळ कोणी नव्हते, म्हणून आम्ही दोघी त्या दारासमोर तासभर बसलो.

उलुगबेग हा तैमूरचा नातू. राज्य चालवण्यापेक्षा त्याचे लक्ष आकाशात अधिक. टेकडीवर त्याने वेधशाळा बांधली आणि १४३७ च्या सुमारास १,०१८ ताऱ्यांची यादी सिद्ध केली. दुर्बीण अजून जन्मली नव्हती. चाळीस मीटर त्रिज्येची दगडी कमान जमिनीत उतरवून, तिच्यावरच्या खुणांनी तो आकाश मोजत असे. १४४९ साली त्याची हत्या झाली, वेधशाळा मोडली, आणि त्या कमानीचा जमिनीतला भाग १९०८ साली उकरून काढला तेव्हा जगाला पुन्हा दिसला. जयपूरच्या सवाई जयसिंगांनीही त्याच्या तक्त्यांचा आधार घेतला होता. ती खोल उतरणारी दगडी रेघ पाहताना आम्हाला आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदची दुर्बीण आठवली. शाळेची सहल घेऊन आम्ही दोघी तिथे गेलो आहोत. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आपल्याकडे नारायणगावच्या शिवारात आकाश ऐकत उभ्या आहेत. कमानीजवळ उभ्या असलेल्या शाळकरी मुलींना आम्ही मोबाइलवर खोडदचे फोटो दाखवले. त्यांच्या बाईंनी आम्हाला बाई म्हणून ओळखले. मुलींच्या रांगा आपोआप सरळ करणारी नजर जगात सगळीकडे सारखीच असते.

इथवर सगळे ठीक चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाहे-जिंदाला जायचे होते. डोंगराच्या उतारावर निळ्या घुमटांच्या कबरींची एक गल्ली आहे, वरच्या टोकाला हुजूर (स.) यांचे चुलत भाऊ हजरत कुसम इब्ने अब्बास यांची मजार मानली जाते. गल्लीला चढायला उंच पायऱ्या. जाताना आणि येताना पायऱ्या मोजायच्या, आकडा जुळला तर नशीब चांगले, अशी तिथली गंमत. मैत्रिणीच्या घड्याळाप्रमाणे आम्ही वेळेवर, म्हणजे तिथल्या वेळेप्रमाणे अर्धा तास लवकर निघालो. मुक्कामाच्या घरी नाश्ता अजून लागला नव्हता. तिने साखरेची गोळी मात्र घेतली होती.

अर्ध्या पायऱ्या चढल्यावर ती बसली. कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि आम्ही काही विचारले तर उत्तर भलतेच. मधुमेही माणसाच्या घरात वावरलेल्याला ही खूण कळते: साखर उतरली होती. पिशवीत गोळ्या होत्या, खायला काही नव्हते. आम्ही आजूबाजूला हाका मारल्या. काय भाषेत मारल्या, आता आठवत नाही. पायऱ्यांवरून उतरणारी एक म्हातारी थांबली, तिने क्षणभर पाहिले, आपल्या झोळीतून रुमालाची गाठ सोडली आणि खडीसाखरेचा मोठा खडा काढून मैत्रिणीच्या तोंडात धरला. नव्वोत म्हणतात त्याला. दुसऱ्या एका बाईने थर्मासमधला चहा पियोल्यात ओतला. दहा-पंधरा मिनिटांनी मैत्रिणीने आमच्याकडे पाहून विचारले, "किती पायऱ्या झाल्या?" तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

म्हातारीने आम्हा दोघींकडे बोट फिरवून विचारले, "दुगोना?" आम्हाला अर्थ कळला नाही, तरी मान हलवली. मुक्कामाच्या घरमालकिणीने नंतर सांगितले: दुगोना म्हणजे जिवाभावाची मैत्रीण, जोडीतली दुसरी. उझबेक बायका हा शब्द मैत्रिणीलाच वापरतात. आम्हाला तो दुहेरी, दुपेडी या आपल्या शब्दांच्या नात्यातला वाटला.

डॉक्टरांनी येऊन तपासले आणि एक पूर्ण दिवस विश्रांती सांगितली. दुसऱ्या दिवशी पहाटेची आमची बुखाऱ्याची गाडी होती. ती गेली. पुढची तिकिटे शिल्लक नव्हती, आणि परतीची तारीख बांधलेली. बुखारा राहिला.

तो विश्रांतीचा दिवस आम्ही घरमालकिणीच्या अंगणात तुतीच्या झाडाखाली काढला. तिथेही तुतीला तुतच म्हणतात. खाली चादर पसरली होती, पिकलेली फळे टपटप पडत होती. घरमालकिणीने आम्हाला समरकंदी नोन दाखवले, मधोमध नक्षीचा ठसा मारलेली जाड भाकर. ती सुरीने कापायची नाही, हाताने मोडायची. पालथी ठेवायची नाही. चहा पियोल्यात अर्धाच ओतायचा. पाहुण्याला अर्धा पेला म्हणजे आणखी बस, आणखी देते. भरून दिला तर आता ऊठ. आणि घरातले कोणी दूर निघाले की त्याने जाताना भाकरीचा एक घास मोडून खायचा. उरलेली भाकर भिंतीला टांगून ठेवतात, तो परत येऊन संपवेल म्हणून. हे सगळे तिने खुणा, मोबाइलवरचे भाषांतर आणि दहा-वीस सामायिक शब्दांच्या बळावर सांगितले. कोणत्याही मार्गदर्शकाच्या यादीत नसलेले समरकंद आम्हाला त्या अंगणात भेटले.

पण संध्याकाळी मैत्रीण रडली. "माझ्यामुळे तुझा बुखारा गेला," असे म्हणाली, आणि लगेच पुढे, "आता शास्त्रीजींकडेही जायचे नाही. तुझी जागा राहिली, तर माझीही राहू दे. हिशेब सारखा झाला पाहिजे." यावर आमचे भांडण झाले. तीस वर्षांत झाले नव्हते असे झाले. ती ऐकेना. बटव्यातला एकेक सोम निम्मा-निम्मा वाटणाऱ्या बाईला सुखदुःखही निम्मे-निम्मे वाटायचे होते. आम्ही म्हणालो, "बुखाऱ्याचा तो मोठा मनोरा ११२७ सालापासून उभा आहे. आणखी दोन-चार वर्षे थांबेल. तू आज पायऱ्यांवर बसलीस तेव्हा आमच्याकडे थांबायला दोन मिनिटे नव्हती." मग दोघी गप्प. रात्री ती वही उघडून बसली, बुखाऱ्याच्या बुडालेल्या तिकिटांची रक्कम तिने एकटीच्या नावावर लिहिली. आम्ही ती खोडून निम्मी-निम्मी केली. ती रेघ वहीत अजून आहे.

आता शास्त्रीजींचे. मैत्रिणीचे अब्बा दौंडच्या लोको शेडमध्ये नोकरीला लागले ते शास्त्रीजी रेल्वेमंत्री असताना. १९५६ साली अरियालूरला मोठा अपघात झाला आणि शास्त्रीजींनी जबाबदारी मानून राजीनामा दिला. स्वतःच्या हाताने चूक न झालेला माणूस खुर्ची सोडतो, हे त्या तरुण फायरमनच्या मनात कायमचे बसले. १९६५ च्या युद्धाच्या आणि धान्यटंचाईच्या दिवसांत पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडायला सांगितले, तेव्हा अब्बांनी ते पाळले आणि पुढे आयुष्यभर सोडले नाही. सोमवारचा नफली रोजा आणि शास्त्रीजींचा सोमवार, दोन्ही एकाच दिवशी पार पडतात, असे ते म्हणत. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला अयुबखानांबरोबर करार झाला आणि काही तासांतच, ११ तारखेला, शास्त्रीजी तिथेच गेले. अब्बा रात्रपाळी करून घरी आले होते, रेडिओवर बातमी ऐकली, आणि जेवले नाहीत. "ताश्कंद" हा शब्द मैत्रिणीने घरात लहानपणापासून ऐकला तो असा.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे अर्धा दिवस होता. आम्ही तिला टॅक्सीत बसवले. ताश्कंदमध्ये शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यांचा अर्धपुतळा आहे. त्याच १९६६ च्या एप्रिलमध्ये भूकंपाने ते शहर मोडले आणि नव्याने उभे राहिले. त्या नव्या शहराने आपल्या माणसाची आठवण ठेवली आहे. मैत्रीण पुतळ्यासमोर पाच-सात मिनिटे उभी राहिली. ओढणीच्या टोकाने तिने कठड्यावरची धूळ पुसली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "अब्बांचे एक काम झाले." घरी हसलेल्या मुलांना तिने तो फोटो पाठवला. त्यांचे उत्तर लगेच आले: "अम्मी, नानांचा फोटो शेजारी धरायला हवा होता."

ती तासभराची वाट पाहताना चोरसूचा मोठा बाजार राहिला. त्यामुळे नातेवाइकांना देण्यासाठी आमच्या बॅगेत फक्त खडीसाखर आणि सुकी तुती उरली. समरकंदला गेले आणि नव्वोत घेऊन आले, हे आम्ही अजून ऐकतो.

हजरत उमर (रजि.) यांची एक गोष्ट सांगितली जाते. एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले: तू त्याचा शेजारी आहेस का, त्याच्याशी पैशांचा व्यवहार केला आहेस का, त्याच्याबरोबर सफर केली आहेस का? नसेल तर तू त्याला ओळखत नाहीस. सफरीत माणसाचे पडदे उतरतात, हे जाणत्यांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. आम्हाला इतकेच कळले की पैशांचा हिशेब सोमापर्यंत चोख ठेवावा, म्हणजे त्यावरून मन कडू होत नाही. पण कोणाची जागा पाहून झाली आणि कोणाची राहिली, कोणामुळे उशीर झाला आणि कोणी कोणाला सांभाळले, हे वहीत लिहू नये. तिथे सारखे वाटप करायला गेले की दोघींच्याही हाती काही उरत नाही.

कोणी भगिनी मैत्रिणीबरोबर निघणार असतील तर चार कामाच्या गोष्टी. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत ठेवा. उझबेकिस्तानात काही वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांवर बंदी आहे. साखरेचा आजार असलेल्या सोबतिणीची खडीसाखर स्वतःच्या पर्समध्येही ठेवा, तिच्या एकटीच्या नको. घरच्या दोघांचे फोन नंबर कागदावर लिहून दोघींजवळ असू द्या. आणि स्थानकाचे नाव टॅक्सीवाल्याला दाखवून खात्री करून घ्या, मग ते ताश्कंद असो की दौंड.

तर त्या "मग?"चे उत्तर असे. तिकडे आमचे कोणी नव्हते. आता एक तुतीचे अंगण आहे आणि खडीसाखर बांधलेल्या रुमालाची एक म्हातारी आहे, जिचे नावही आम्हाला ठाऊक नाही. बुखाऱ्यासाठी भिशी पुन्हा लावली आहे. मैत्रीण आपला हप्ता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, अर्धा तास आधी पाठवते.